सतरा वर्षांखालील भारत : फुटबॉलची नोंद आणि तिच्यामागचे मैदान

भारतीय पुरुष फुटबॉलमध्ये फिफाच्या विश्वचषकात प्रत्यक्ष मैदानात उतरलेला संघ एकच आहे, तो म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांचा. वरिष्ठ संघाला १९५० साली ब्राझीलच्या विश्वचषकाची संधी चालून आली होती, पण संघ गेलाच नाही. वीस वर्षांखालील गटात भारताने आशियाचे विजेतेपद एकदा वाटून घेतले, तरी त्या वयोगटाच्या विश्वचषकात त्याची पाटी अजून कोरी आहे. सतरा वर्षांखालील मुले मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याशी खेळली. तिन्ही सामने हरली, एक गोल केला आणि नऊ स्वीकारले. हा प्रवेश यजमान म्हणून मिळाला होता, पात्रता फेरीतून नव्हे. या संघाची मागची-पुढची नोंद वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

वयोगटाच्या संघाची जातकुळीच वेगळी असते. वरिष्ठ संघात एखादा खेळाडू बारा-पंधरा वर्षे टिकतो, तर हा संघ दर एक-दोन वर्षांनी जवळजवळ नव्याने बांधावा लागतो. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेलाच मुलगा चालणार होता. डिसेंबर १९९९ चा जन्म असलेला मुलगा कितीही गुणी असला तरी बाद. त्यामुळे मुलगा कोणत्या वर्षी जन्मला आणि त्याच्या वयोगटाची पात्रता फेरी कोणत्या वर्षी आली, या योगायोगावरही अनेकांचे नशीब ठरते. वयचोरी हा या गटाचा जुना रोग. फिफाने त्यावर मनगटाच्या एमआरआय तपासणीचा उपाय काढला. वाढ पूर्ण होत आली की मनगटाजवळच्या हाडाचा वाढीचा भाग मुख्य हाडात मिसळून जातो. तो पूर्ण मिसळलेला दिसला की जन्मदाखल्यावर काहीही लिहिलेले असो, खेळाडूला घरी पाठवतात.

संघापुढे स्पर्धांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. खालची पायरी दक्षिण आशियाई म्हणजे सॅफ स्पर्धेची. त्यानंतर आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी, मग आशियाई स्पर्धेची मुख्य फेरी आणि तिथे वरच्या जागा मिळवणाऱ्यांसाठी विश्वचषक. आशियाई स्पर्धा पूर्वी सोळा वर्षांखालील म्हणून विश्वचषकाच्या आदल्या वर्षी होत असे. २०२३ पासून ती सतरा वर्षांखालील आशियाई चषक या नावाने विश्वचषकाच्याच वर्षी होते. जुन्या बातम्यांत ‘सोळा’ आणि नव्यांत ‘सतरा’ असे दिसते ते यामुळे. संघाची पिढी एकच, पाटी वेगळी.

दक्षिण आशियात भारताला फारसा जोडीदार नाही. २०१३ मध्ये काठमांडूत पहिले सॅफ विजेतेपद आले, आणि पुढे पंधरा, सोळा व सतरा वर्षांखालील अशा बदलत्या नावांनी झालेल्या स्पर्धांत २०१७, २०१९, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ साली भारतच जिंकला. २०१९ ला कल्याणीत झालेल्या अंतिम सामन्यात नेपाळचा ७-० असा फडशा पडला. २०२५ ला कोलंबोत बांगलादेशने २-२ अशी बरोबरी साधून सामना पेनल्टींपर्यंत ओढला, तेव्हा कुठे भारताच्या कपाळावर घाम आला. या करंडकांचे मोल आहेच, पण त्यांवरून संघाची आशियातली पत जोखणे म्हणजे तालुक्याच्या आखाड्यातल्या कुस्तीवरून हिंदकेसरीचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

खरी कसोटी लागते ती इराण, दक्षिण कोरिया, जपान, उझबेकिस्तान, सौदी अरेबिया अशा देशांसमोर. तिथली भारताची नोंद ‘थोडक्यात हुकले’ या दोन शब्दांत बसते, आणि ते थोडके नेमके किती होते हे पाहण्यासारखे आहे. २००२ साली संयुक्त अरब अमिरातीत भारत आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि दक्षिण कोरियाकडून हरला. पुन्हा तिथवर जायला सोळा वर्षे लागली. २०१६ ची स्पर्धा गोव्यात, बांबोळी आणि फातोर्ड्याच्या मैदानांवर झाली. घरचे प्रेक्षक पाठीशी असूनही भारत अमिरातीकडून २-३ असा हरला, सौदीशी ३-३ असा बरोबरीत सुटला आणि इराणकडून ०-३ मार खाऊन गटातच थांबला. पहिल्या दोन सामन्यांत पाच गोल करणारा संघ वाईट म्हणता येत नाही. मात्र त्याच दोन सामन्यांत त्याने सहा गोल स्वीकारलेही.

२०१८ चा संघ या पोरांच्या अगदी उलट वळणाचा निघाला. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस प्रशिक्षक, आणि बचाव असा की त्यातून वाराही आत येऊ नये. मलेशियात भारताने व्हिएतनामला पेनल्टीवरच्या एकमेव गोलने हरवले. तो गोल विक्रम प्रताप सिंगचा. पुढे इराण आणि इंडोनेशियाशी गोलशून्य बरोबरी झाली. तीन सामन्यांत एकही गोल न स्वीकारता संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला. समोर पुन्हा दक्षिण कोरियाच. त्या वेळी उपांत्य फेरीतल्या चारही संघांना विश्वचषकाचे तिकीट होते, म्हणजे एवढा एक सामना जिंकला असता तर भारत स्वतःच्या पायांनी विश्वचषकात गेला असता. गोलरक्षक नीरज कुमारने चेंडूमागून चेंडू अडवले, पण दुसऱ्या डावात एक निसटला आणि सामना ०-१ असा गेला. संपूर्ण स्पर्धेत भारताने स्वीकारलेला तो एकच गोल. नोंदवहीत या पराभवापुढे ‘उपांत्यपूर्व फेरी’ एवढेच लिहिले जाते. पात्रतेच्या निकषावर पाहिले तर २०१७ च्या विश्वचषकापेक्षाही या गटाच्या इतिहासातले हेच पान वजनदार ठरते.

पुढची पिढीही चांगली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये ताश्कंदच्या पात्रता फेरीत तिने तुर्कमेनिस्तान आणि बहारीनला प्रत्येकी पाच गोलांनी हरवले आणि यजमान उझबेकिस्तानला १-१ असे रोखून गटात पहिली जागा घेतली. मग कोरोना आला. बहारीनमधली मुख्य स्पर्धा आधी पुढे ढकलली गेली आणि अखेर रद्दच झाली. वरिष्ठ संघाची स्पर्धा पुढे ढकलली तर तेच खेळाडू वर्षभराने खेळतात. या मुलांचे वय निघून गेले आणि मुख्य फेरीचा एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. २०२३ ला थायलंडमध्ये भारत व्हिएतनामशी १-१ असा बरोबरीत सुटला, उझबेकिस्तानकडून ०-१ हरला, आणि जपानविरुद्ध ४-८ असा चक्रावून टाकणारा निकाल लागला. पुढे विजेता ठरलेल्या जपानला चार गोल मारणे हे कौतुकाचेच, पण आठ स्वीकारल्यावर कौतुक करायला फारसे कोणी थांबत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या पात्रता फेरीत यजमान थायलंडकडून २-३ असा पराभव झाला आणि २०२५ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

आता २०१७ कडे. फिफाने या विश्वचषकाचे यजमानपद भारताला २०१३ मध्ये दिले, म्हणजे संघ बांधायला चार वर्षे हातात होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशभर चाचण्या घेतल्या, मुलांना गोव्यातल्या अकादमीत एकत्र ठेवले आणि परदेश दौऱ्यांवर पाठवले. प्रशिक्षक होते जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम. स्पर्धेच्या वर्षाच्या सुरुवातीलाच ते गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. नवा प्रशिक्षक आला की नव्या डोळ्यांनी निवड होते. मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी सराव सामन्यात या राष्ट्रीय संघालाच हरवले, तेव्हा त्यांतले काही थेट संघात घेतले गेले. जॅक्सन सिंग हा त्यांपैकीच. आधीच्या चाचणीत तो नाकारला गेला होता.

दौऱ्यांच्या निकालांत एक गमतीचा प्रसंगही आहे. मे २०१७ मध्ये महासंघाने जाहीर केले की भारताच्या सतरा वर्षांखालील संघाने इटलीला २-० असे हरवले. देशभर अभिनंदनाचा वर्षाव सुरू झाला. नंतर इटलीच्या बाजूने खुलासा आला की समोर त्यांचा राष्ट्रीय संघ नव्हताच, तिथल्या खालच्या व्यावसायिक साखळीतल्या मुलांची निवड होती. विजय खरा होता, चूक होती ती प्रतिस्पर्ध्याच्या नावात. वयोगटाच्या फुटबॉलमधले मैत्रीपूर्ण सामन्यांचे आकडे चिमूटभर मीठ घालूनच वाचावेत, ते अशामुळे.

स्पर्धा ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात सहा शहरांत झाली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम आणि मडगावजवळचे फातोर्डा ही त्यांतली दोन मैदाने. भारताचे तिन्ही सामने मात्र दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ठेवले गेले. पहिल्याच संध्याकाळी अमेरिकेविरुद्ध तिसाव्या मिनिटाला पेनल्टीवर जोश सार्जंटने गोल केला. एक्कावन्नाव्या मिनिटाला ख्रिस डर्किनने दुसरा केला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला अन्वर अलीचा जोरकस फटका गोलच्या आडव्या दांडीवर आदळून परत आला, आणि भारताचे बचावपटू पुढे गेलेले असताना अमेरिकेने तोच चेंडू घेऊन मारलेल्या मुसंडीत अँड्र्यू कार्लटनने तिसरा गोल केला. १-२ होण्याऐवजी ०-३. वयाने बरोबरीच्या मुलांमध्ये फरक कुठे पडतो हे त्या पंधरा-वीस सेकंदांत दिसले. फटका दोन्हीकडचे मारू शकतात. फटका हुकल्यावर पुढच्या क्षणी कुणी कुठे उभे राहायचे, हे एका बाजूच्या मुलांच्या अंगवळणी पडलेले होते.

९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध भारत सर्वांत सरस खेळला. पहिल्या डावात अभिजित सरकारचा जवळून मारलेला फटका गोलरक्षकाने अडवला, तर राहुल के. पी.चा खांबाला लागून गेला. मध्यंतरानंतर हुआन पेन्यालोसाने कोलंबियाला आघाडी दिली. ब्याऐंशीव्या मिनिटाला संजीव स्टालिनने कॉर्नर घेतला, उंचापुरा जॅक्सन सिंग सगळ्यांच्या वर उठला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. स्टेडियम अजून ओरडतच होते, तोवर कोलंबियाने मध्यावरून चेंडू सुरू केला आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसाने दुसरा गोल केला. गोल केल्यानंतरची पाच मिनिटे सर्वांत धोक्याची, हे प्रत्येक प्रशिक्षक पोरांना घोकून घेतो. पण ते रक्तात उतरायला अशा प्रसंगांतून अनेकदा जावे लागते. १२ ऑक्टोबरला घानाने पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ४-० असा सामना जिंकला. त्यातले दोन गोल शेवटच्या पाच मिनिटांत झाले, जेव्हा भारताच्या मुलांच्या पायांतले त्राण संपले होते.

गटाचा तक्ता बोलका आहे. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांचेही सहा-सहा गुण झाले, भारताचा शून्य. तिघांनी एकमेकांना एकेकदा हरवले आणि भारताला प्रत्येकाने. पुढे इंग्लंडने कोलकात्यात स्पेनला ५-२ असे नमवून विश्वचषक नेला. त्यांच्या फिल फोडनला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवले गेले. तेरा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी सामने पाहिले, आणि या वयोगटाच्या विश्वचषकात तोवर कुठेच एवढी गर्दी झाली नव्हती.

एकवीस जणांच्या त्या संघात महाराष्ट्राशी नाते सांगणारे दोघे होते. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या बालेवाडीतल्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर पुणे एफसीच्या अकादमीत घडलेला हा आघाडीवीर. दुसरा बचावपटू नमित देशपांडे. मुंबईत जन्मलेला, अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला आणि परदेशस्थ भारतीय मुलांच्या शोधातून संघात आलेला. एक मुलगा सरकारी वसतिगृहातून आला, दुसरा अमेरिकेतल्या उपनगरातून.

विश्वचषक संपल्यावर हीच मुले ‘इंडियन अ‍ॅरोज’ या नावाने आय-लीगमध्ये मोठ्यांशी खेळू लागली. नोव्हेंबर २०१७ मधल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असा धक्का दिला. त्या सामन्यात अनिकेतला लाल कार्ड मिळाले, भारत दहा जणांवर आला, आणि त्यानंतर अन्वर अलीच्या फ्री किकवर विजयाचा गोल झाला. त्या वेळी अर्जेंटिनाच्या मुलांची जबाबदारी लिओनेल स्कालोनी यांच्याकडे होती. चार वर्षांनी कतारमध्ये अर्जेंटिनाला विश्वविजेते करणारे तेच हे स्कालोनी. २०१७ च्या संघातले जॅक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली, ललेंगमाविया, रहीम अली पुढे वरिष्ठ संघात पोहोचले. चार वर्षांच्या खर्चाचा हिशेब मांडायचा तर तीन पराभवांपेक्षा ही नावे धरून मांडावा.

मुलींची कहाणी साधारण त्याच वळणाची, थोडी अधिक कडू. त्यांचा सतरा वर्षांखालील विश्वचषक २०२० ला भारतात व्हायचा होता. कोरोनामुळे तो ऑक्टोबर २०२२ वर गेला. स्पर्धेच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केले आणि अकरा दिवसांनी निलंबन उठवले. झारखंडची अस्तम उरांव कर्णधार, स्वीडनचे थॉमस डेनरबी प्रशिक्षक, आणि संघात पुण्याची काजोल डिसूझा. भुवनेश्वरमध्ये अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ असे पराभव झाले. अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. या मुलींच्या पराभवावर बोट ठेवणाऱ्यांनी एक प्रश्न विचारून पाहावा. आपल्या तालुक्यात चौदा वर्षांच्या मुलींचा अकरा जणींचा फुटबॉल संघ शेवटचा कधी दिसला?

कारण नोंदीचे मूळ तिथेच आहे. २०१७ च्या एकवीस मुलांपैकी आठ एकट्या मणिपूरचे होते. कर्णधार अमरजित सिंग, गोलरक्षक धीरज सिंग, गोल करणारा जॅक्सन, सगळे तिथले. २०११ च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या सुमारे २८.५ लाख होती. त्याच जनगणनेत बीड जिल्ह्याची सुमारे २५.८ लाख. जवळपास तेवढीच माणसे. एका बाजूला राष्ट्रीय संघातली आठ मुले, दुसऱ्या बाजूला एकही नाही. हा फरक रक्ताचा किंवा पोटातल्या अन्नाचा म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्याच बीडने दुसऱ्या खेळांत माणसे दिली आहेत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीत सुवर्णपदक जिंकला. बीडच्या सचिन धसने तर राष्ट्रीय युवा संघच गाठला, पण क्रिकेटचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ४ बाद ३२ असा अडकला असताना त्याने ९६ धावा काढून सामना फिरवला.

बीडच्या गेवराई तालुक्यातले चकलांबा हे गाव धरून पाहिले की फुटबॉलची अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. पळायला रस्ता पुरतो आणि पळणारा एकटा असला तरी चालतो. साबळे तर सैन्यात भरती झाल्यानंतर, विशी ओलांडल्यावर शर्यतींकडे वळला. कुस्तीला एक आखाडा, एक वस्ताद आणि एक जोड पुरते. फुटबॉलला एकाच वयाची बावीस मुले लागतात, तीही आठवड्यातून दोनदा-तीनदा आणि सलग सात-आठ वर्षे. सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघाची निवड होते, म्हणजे नवव्या-दहाव्या वर्षी चेंडू पायाला लागलेला असावा लागतो. विशीत कळलेली गुणवत्ता इथे कामाची नाही, निदान या वयोगटात तरी नाही.

गावातल्या शाळकरी मुलापुढची शिडी कागदावर व्यवस्थित आहे. शालेय क्रीडा स्पर्धा किंवा सुब्रतो मुखर्जी चषक. आधी तालुका म्हणजे गेवराई, मग जिल्हा म्हणजे बीड, मग विभाग, मग राज्य. पण खालच्या पातळीवर या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. पहिला सामना हरला की वर्ष संपले. ज्या शाळेला सरावच नाही ती पहिलाच हरणार, आणि पहिला हरणाऱ्याला दुसरा सामना मिळत नाही म्हणून त्याचा सराव कधी होणार नाही. शिवाय स्पर्धांचे दिवस पावसाळ्यापासून दिवाळीच्या आगेमागे. नेमक्या याच सुमाराला जिल्ह्यात मुकादमांच्या ऊसतोडीच्या टोळ्या भरायला लागतात, उचल घेतलेले कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, ट्रकात बसून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. काही मुले हंगामी वसतिगृहात गावीच राहतात, काही आईबापांबरोबर फडात जातात. अकरा जणांचा संघ धरून ठेवायचा तो या पटावर.

त्या टोळ्यांपैकी काही ज्या कोल्हापूर जिल्ह्यात ऊस तोडतात, तिथे मात्र फुटबॉलची गोष्टच निराळी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ, पेठापेठांमधली ईर्षा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हजारोंची गर्दी आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची हंगामभर चालणारी साखळी. साखळीत हरलेल्या संघालाही पुढच्या आठवड्यात सामना असतो. शिवाजी पेठेतल्या दहा वर्षांच्या पोराला घरातला कुणीतरी खेळताना दिसतो, गल्लीत चेंडू मिळतो आणि आपण कुणाच्या बाजूचे हे जन्मतःच ठरलेले असते. अनिकेत जाधव अशा गावातून निघाला, यात नवल नाही. नवल एवढेच की एवढ्या वेडातून राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचणारे इतके थोडे. त्याचे एक कारण असे की तालमींचा फुटबॉल मुख्यतः मोठ्यांचा आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी तितकीच घट्ट साखळी अलीकडेपर्यंत नव्हती.

विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य सरकारने हे अंतर एका दिवसात ओलांडायचा प्रयत्न केला होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असे उद्दिष्ट ठेवून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांना सुमारे एक लाख चेंडू वाटण्यात आले. कल्पना देखणी होती. पण चेंडू हा या खेळातला सर्वांत स्वस्त भाग आहे. त्यामागे खेळशिक्षक, सपाट मैदान आणि आठवड्याचा ठरलेला सामना नसला की तो शाळेच्या कपाटात हवा जाऊन पडून राहतो. उझबेकिस्तान किंवा जपानचा मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत वयोगटाच्या साखळ्यांमध्ये नियमाने सामने खेळून आलेला असतो, आणि घानाविरुद्ध शेवटच्या पाच मिनिटांत जे दोन गोल झाले त्यांचे उत्तर त्या सामन्यांत आहे.

अलीकडे विश्वचषकाचे गणित बदलले आहे. २०२५ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषक दरवर्षी आणि अठ्ठेचाळीस संघांचा होऊ लागला, आणि त्यामुळे आशियाच्या वाट्याच्या जागा चारवरून आठवर गेल्या. आशियाई चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली की विश्वचषकात प्रवेश. २००२ आणि २०१८ च्या भारतीय संघांनी जेवढे केले, तेवढे आता पुरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादच्या पात्रता फेरीत भारत लेबेनॉनकडून हरला होता आणि गटातून एकच संघ पुढे जाणार होता. ३० नोव्हेंबरला शेवटच्या सामन्यात इराणला हरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. बिबियानो फर्नांडिस यांच्या मुलांनी पिछाडीवरून २-१ असा सामना काढला आणि २०२६ च्या आशियाई चषकाची जागा घेतली. मुलींनीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिश्केकला किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तानला प्रत्येकी २-१ असे हरवून आशियाई स्पर्धा गाठली.

चकलांब्यासारख्या गावातल्या मुलाला या संघाच्या दिशेने जाणारी एक वाट क्रीडा प्रबोधिनीतून जाते, आणि पूर्वी तिला फुटबॉल येण्याची अट नव्हती. अनिकेत ज्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, तिथला सरळ प्रवेश आठ ते चौदा वयाच्या मुलामुलींना शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांवर मिळत असे. उंची आणि वजन, तीस मीटर धावणे, उभ्याने मारलेली लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता, आठशे मीटर धावणे. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी निवड होई. निवडलेल्या मुलाचे राहणे, जेवण आणि शिक्षण शासन करी आणि त्याला कोणता खेळ मानवेल हे प्रशिक्षक ठरवत. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला लागतो. चाचण्यांची सूचना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून शाळांना जाते. ती मुख्याध्यापकांच्या टेबलावरून पुढे मुलापर्यंत वेळेत पोहोचली तरच त्या वर्षी त्याला उभे राहता येते.